घंटेनं गिळलेले शब्द

अक्कानं चमचा मास्तरांच्या ओठाला टेकवला आणि आधी स्वतःचंच तोंड उघडलं, तान्ह्याला भरवताना बायका उघडतात तसं. मास्तरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग डाव्या बाजूनं तोंड उघडून मऊ भाताचा घास घेतला. उजव्या बाजूनं थोडा ओघळला, तो तिनं रुमालानं टिपला. बोटानं टिपलेलं मास्तरांना खपत नसे.

"आणखी हवा?"

मास्तरांनी मान हलवली. हो.

"की पुरे झालं?"

मास्तरांनी मान हलवली. हो.

"शाब्बास," अक्का म्हणाली. "नोकरीत असताना एवढं हो म्हणाला असतास ना मास्तर, तर हेडमास्तर होऊन घरी आला असतास."

मास्तर म्हणजे तिचा पाठचा भाऊ. ती शहात्तर वर्षांची, तो सत्तर. सत्तावीस वर्षं दोघं एकाच शाळेत होती. तो वर्गात इंग्रजी शिकवायचा आणि ती पडवीत शिपाई म्हणून पाणी भरायची, झाडायची, घंटा द्यायची. बाकीचे शिक्षक तिला ‘ए मावशी’ म्हणून हाक मारत. मास्तरांनी मात्र पहिल्याच दिवशी साऱ्या वर्गासमोर विचारलं होतं, ‘अक्का, जरा पाणी देतेस?’ तेव्हापासून ती सगळ्या शाळेची अक्का झाली. तीही चारचौघांत त्याला मास्तर म्हणू लागली. पुढे दोघांची माणसं एकामागून एक गेली, दोघं एका घरात आली, पण तोंडी बसलेलं मास्तर तेवढं तसंच राहिलं.

पाच आठवड्यांपूर्वी झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं तर कुणी पाटी पुसावी तसं पुसलं गेलं. उरली ती मान, आणि मानेला येई एकच, हो.

त्या मानेनंच घोळ केला होता. मास्तरांची एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात राहायची. मागच्या खेपेला ती बापाच्या पायाशी बसून म्हणाली, "बाबा, माझ्याकडे येता ना? घराजवळच केंद्र आहे. नर्स आहेत, व्यायाम करून घेतात. मी रोज संध्याकाळी येईन." मास्तरांनी मान हलवली, हो. अक्का दारातच उभी होती. तिला राहवलं नाही. "इथंच राहतोस ना रे?" मास्तरांनी तिच्याकडे बघून मान हलवली, हो.

लेक आणि आत्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"आत्या, मी काय वैरीण आहे का बाबांची?"

"वैरीण नाहीस गं. तीच तर पंचाईत आहे. वैरीण असतीस तर दार लावून घेतलं असतं."

लेकीचं चुकत होतं असंही नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी मास्तरांना न्हाणीघरात उठवताना अक्काचा पाय सरकला होता. दोघंही ओल्या फरशीवर बसून राहिली, दीड तास. दूधवाली आली तेव्हा कुठं सुटका झाली. त्या दीड तासात अक्कानं मास्तरांना शाळेतल्या सगळ्या हेडमास्तरांची नावं मोजून दाखवली होती, कंटाळा येऊ नये म्हणून. पण हे लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. लेकीला तेवढा दीड तास दिसला आणि तिनं केंद्रात नाव नोंदवून टाकलं. येत्या रविवारी संध्याकाळी गाडी येणार होती. केंद्रात जागा एकट्या मास्तरांना होती. अक्कानं अधूनमधून जायचं, असं ठरलं होतं.

अक्का भांडली नाही. आपण त्याला त्याच्यासाठी धरून ठेवतोय की आपल्यासाठी, हे तिचं तिलाच नीट उमगत नव्हतं. एकदा त्याच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं, तर जा म्हणाला असता तरी तिनं स्वतःच्या हातानं बॅग भरली असती. पण ऐकायचं कसं?

बोलणं शिकवायला आठवड्यातून एकदा एक बाई यायच्या. लहान चणीच्या, मोठ्या चपलांच्या. जाताना त्या म्हणाल्या, "आजी, पाठ असलेलं काही म्हणून बघा. गाणी, आकडे, काहीही. ते डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतं. कधीकधी तो कप्पा शाबूत राहतो."

अक्कानं पाढे म्हटले. मास्तर मख्ख. गणितात ते आधीपासूनच ढ होते. मग तिनं अंगाई म्हटली, आई म्हणायची ती. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशी तिनं ती अर्ध्यावर सोडली.

मंगळवारी केस कापणारा दाढी करायला आला. कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं आणि कधीकाळी मास्तरांच्या वर्गात शेवटचं बाक. साबण लावता लावता त्याची टकळी चालू होती.

"मास्तर, आता कशी मान धरली बघा तुमची. शाळेत तुम्ही धरायचा. फिटंफाट." मग अक्काकडे वळून तो म्हणाला, "काय दरारा होता, अक्का! मला आयुष्यात दुसरं काही आलं नाही, पण शेपटांचा तास अजून पाठ आहे. लाईट, नाईट, राईट, फाईट!"

अक्काचा हात पाण्याच्या भांड्यावरच थांबला.

शेपटांचा तास म्हणजे दिवसाचा शेवटचा तास. मास्तर फळ्याच्या उजव्या अंगाला पिवळ्या खडूनं शब्दाचं नुसतं शेपूट काढायचे आणि म्हणायचे, ‘शेपूट माझं, मुंडकं तुमचं. आणा!’ मग रांगेरांगेनं मुलं मुंडकी आणायची. एकाच शेपटाचे आठ-दहा शब्द जमले की वर्ग तेच शब्द एका सुरात म्हणायचा. शनिवारी जोडशब्द असायचे. गुड नाईट, ऑल राईट, स्ट्रीट लाईट. पोरं बाकं बडवत म्हणायची.

अक्का त्या वर्गाच्या खिडकीखाली बसायची. बावन्न वर्षांची होईतो तिला आपली अक्षरंसुद्धा येत नव्हती. पगाराच्या दिवशी तिचा निळा अंगठा बघून मास्तरांनाच एकदा कसंतरी झालं आणि शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी तिला सही करेपर्यंत आणून सोडलं. इंग्रजीच्या वाटेला ती कधी गेली नाही. पण या याद्या कानावर पडून पडून तिच्या अंगात मुरल्या होत्या. शेवटच्या घंटेचं घड्याळच होत्या त्या. हेडमास्तरांच्या खोलीतलं घड्याळ मागे पडायचं, मास्तरांची यादी कधी पडली नाही. यादी सरत आली की अक्का उठायची, पडवीच्या टोकाला टांगलेल्या लोखंडी रुळाच्या तुकड्यापर्यंत अठरा पावलं चालायची आणि टोल द्यायची.

"मला सगळ्या येतात," ती हळूच म्हणाली.

"सगळ्या कुठल्या?" केस कापणारा हसला. "शेवटचा शब्द तुम्हाला कधी ऐकू आला नाही, अक्का. तुम्ही उठून चालायला लागलात की मास्तर खिडकीतून बघायचे, बोट वर करायचे, आणि आम्ही शेवटचा शब्द अशा जोरात ओरडायचो की त्यावर तुमची घंटा पडलीच पाहिजे. तो शब्द घंटा गिळायची. रोज." त्यानं वस्तरा पुसला. "आणि काय हो, उचलायला माणूस नाही म्हणून नेतायत ना मास्तरांना? मी येतो की. सकाळी दुकान उघडायच्या आधी, संध्याकाळी बंद केल्यावर. इतकी वर्षं त्यांनी मला बाकावर उभं केलं, आता मी त्यांना उभं करतो."

"लेकीला नाही पटायचं. रोज कोण येतं, म्हणते."

"मी रोज येणारा विद्यार्थी नव्हतो, हे खरं आहे," तो म्हणाला आणि मास्तरांच्या गालाला तुरटी लावली.

दुपारी अक्कानं मास्तरांना खिडकीशी खुर्चीत बसवलं, समोर स्टूल घेतलं आणि सुरू केलं.

"लाईट. नाईट. राईट. फाईट."

मास्तरांचे डोळे तिच्यावर आले.

"टाईट. साईट. माईट."

तिथं तिचं संपलं. पुढचं तिला कधी ठाऊकच नव्हतं. मास्तर नुसते बघत होते. थोडा वेळ वाट पाहून अक्का उठली, चहाचं आधण ठेवावं म्हणून स्वयंपाकघराकडे वळली. चार पावलं गेली असेल नसेल.

"ब्राईट."

घसा खरवडून आल्यासारखा आवाज. पण आवाज मास्तरांचाच. अक्काचा उजवा हात आपोआप खांद्याइतका वर गेला होता, टोल द्यायला जायचा तसा. तो तसाच ठेवून ती वळली.

"काय म्हणालास?"

मास्तरांनी मान हलवली. हो.

त्या आठवड्यात अक्कानं चार याद्या घेतल्या आणि तिला एक गोष्ट कळून चुकली. समोर बसून कितीही वाट पाहिली तरी मास्तरांच्या तोंडून अक्षर फुटत नसे. ती उठली, पाठ फिरवून चालायला लागली, की मागून शेवटचा शब्द यायचा. स्मॉल. स्प्रिंग. सत्तावीस वर्षांची सवय एकट्या तिलाच लागली नव्हती. अक्का तो शब्द पाठीवर झेलायची आणि तोंडातल्या तोंडात घोळवत आधणाकडे जायची. जन्मभर घंटेनं गिळलेले शब्द आता एकेक करून परत येत होते. त्यांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. तिचं त्यावाचून अडलंही नाही.

शनिवारी लेक आली ती दोन मोठ्या बॅगा घेऊन. अक्कानं तिला हातपायही धुऊ दिले नाहीत.

"बघ बघ, बोलतो तो." आणि स्टुलावर बसून तिनं म्हटलं, "बॉल, कॉल, फॉल, हॉल, टॉल, वॉल."

मास्तर गप्प. लेकीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे आत्या."

"राहू दे काय? थांब. मला उठावं लागतं." अक्का उठली, स्वयंपाकघराकडे चालायला लागली.

"स्मॉल."

लेक खालीच बसली. बापाचा आवाज तिनं सहा आठवड्यांनी ऐकला होता. तिनं मास्तरांचा लुळा हात गालाला लावला आणि बराच वेळ तशीच राहिली. भावजय गेली तेव्हा ही पोर सात वर्षांची होती. तेव्हाही ती अशीच खाली बसायची आणि अक्का मागून तिची वेणी घालायची.

संध्याकाळी बॅगा भरायला मास्तरांच्या पेटीतून कपडे काढताना तळाला निळ्या पुठ्ठ्याची वही सापडली. शेपटांच्या याद्या, मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात, पानागणिक एक. लेकीनं पेन्सिल घेतली. अक्का एकेक यादी म्हणत उठत गेली, मास्तर पाठीमागून शेवटचा शब्द बोलत गेले आणि लेक वहीत बरोबरच्या खुणा करत गेली. चार याद्या, चार शब्द, चारही वहीतल्यासारखे.

"बघितलंस?" अक्काचा ऊर भरून आला होता. "एकही चुकला नाही."

लेकीनं वही मिटली. ती हळू बोलली, पण बोलली. "आत्या, रागावू नकोस. हे पाठांतर आहे. घंटा वाजली की मूल दप्तर उचलतं तसं. बाबांना काय हवं, काय नको, हे यात कुठं आहे?"

 अक्का मास्तरांचे सदरे घडी करायला बसली. एका सदऱ्याचं दुसरं बटण तुटलं होतं. तिनं सुईत दोरा ओवला. चौथ्या खेपेला ओवला गेला.

रविवारी दुपारपर्यंत बॅगा भरून दाराशी उभ्या राहिल्या. गाडी पाचला येणार होती. साडेतीन झाले. कुणालाच काही सुचत नव्हतं. लेक वही चाळत मास्तरांसमोर बसली होती.

"आत्या, हे एक राहिलंय बघ. डे, से वालं. येतं तुला?"

"न यायला काय झालं." अक्का स्टुलावर बसली. तिनं मास्तरांच्या गळ्याशी सदऱ्याची कॉलर सारखी केली. "चल मास्तर. शेवटचा तास."

मास्तर तिच्याकडे बघत होते.

"डे. से. वे. मे." ती जरा खाकरली. "पे. प्ले. ग्रे. क्ले."

ती उठली. पाठ फिरवून चालायला लागली. एक पाऊल, दोन, तीन. रोज चौथ्या पावलाला शब्द यायचा. आज आला नाही. पाच. सहा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती थांबली. आता हेही गेलं, असं तिच्या मनात आलं.

"स्टे."

रोजचे शब्द उतारावरून गाडा सुटावा तसे यायचे. हा मात्र खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा आला, अडखळत, भिंतीला आपटत. अक्का पेन्सिलीच्या आवाजाची वाट पाहत उभी राहिली. पेन्सिल वाजली नाही. ती वळली. लेक वहीकडे बघत होती, मग बापाकडे, मग पुन्हा वहीकडे.

"काय झालं गं?"

"वहीत ट्रे आहे."

 मास्तर चुकले असं शाळेत कधी कुणी ऐकलं नव्हतं. आजच चुकायचं होतं का याला? अक्का लगबगीनं परत आली. "दमलाय गं तो. बॅगा बघून गोंधळला असेल. थांब, मी परत म्हणते."

"म्हण," लेक म्हणाली. तिचा आवाज निराळाच झाला होता. "पण या वेळी उठू नकोस."

"न उठता बोलत नाही तो, कालच नाही का बघितलंस?"

"बस आत्या. बघू तर."

अक्का बसली. तिनं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. क्ले म्हणून झाल्यावर तिच्या टाचा आपसूक उचलल्या, तशी तिनं दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले.  मोरीतला नळ ठिबकत होता. मास्तरांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, जणू तिथून कुणी जातंय का ते बघावं. कुणी जात नव्हतं. मग त्यांनी समोर पाहिलं. त्यांचा डावा हात उचलला गेला, बोटं खडू धरल्यासारखी जुळलेली, आणि तो हळूहळू येऊन अक्काच्या मनगटावर टेकला.

"स्टे," मास्तर म्हणाले.

शेवटचा शब्द तोंडातून निघताना अक्का जन्मात पहिल्यांदा बघत होती. जीभ वर लागली, ओठ जरा फाकले आणि डाव्या बाजूनं शब्द बाहेर आला. पण शब्द तोच. ती वाकून, ढ मुलाला समजावावं तशा आवाजात म्हणाली, "ट्रे रे. वहीत ट्रे आहे. ट्रे म्हण."

मास्तरांनी मान हलवली.

आडवी.

 सहा आठवड्यांत ती मान अशी हलली नव्हती. अक्कानं खात्री करायला पुन्हा विचारलं, "ट्रे नाही?"

मान पुन्हा आडवी हलली. मनगटावरची बोटं तशीच होती.

"मग चुकला का गं तो?" तिनं लेकीला विचारलं.

"नाही आत्या," लेक म्हणाली. तिनं नाक ओढलं. "बाबा नाही चुकले."

"आता हे स्टे कुठून काढलं त्यानं?" अक्का पुटपुटली. मग तिला काहीतरी आठवलं. "अगं, तो कोर्टातून आणतात तो का? त्या समोरच्या बांधकामावर आणला होता तो?"

लेक एकदम हसली, आणि हसता हसता तिनं डोळे दंडाला पुसले. "हो आत्या. तोच. जसं आहे तसं राहू द्या, म्हणतात त्यात."

अक्कानं खिडकीतून समोर पाहिलं. अर्धवट भिंतीतून उगवलेलं झाड आता चांगलं छपराएवढं झालं होतं. त्याच्या फांदीवर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

"ते तर नऊ वर्षं तसंच आहे," ती म्हणाली.

लेकीनं वहीचं पान गुडघ्यावर सारखं केलं आणि ‘ट्रे’च्या खाली पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. वही मास्तरांच्या मांडीवर ठेवली. मग ती दाराशी गेली आणि पहिल्या बॅगेची चेन उघडून बसली. कालचं बटण लावलेला सदरा वरच होता.

"आत्या," तिनं वर न बघता विचारलं, "तो केस कापणारा सकाळी दुकान किती वाजता उघडतो गं?"